साठवून ठेवलेलं बी

डिगांबरभाऊंचं नाव आधी लिहून टाकतो. म्हणजे पुढं लिहिताना हात थांबला, लाज वाटून सोडून द्यावंसं वाटलं, तरी ते नाव कागदावर राहील. आमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत गाई-म्हशी भरवायला मोटरसायकलवर येणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख. ना आमच्या नात्यातले, ना भावकीतले. पण आज सुरतेतल्या या खोलीत मी आणि माझी बायको सुनंदा समोरासमोर बसून चहा पितो, भांडतो, एकमेकांना गोळ्यांची आठवण करून देतो, ते त्यांच्यामुळं. विषय असा आहे की आमच्याकडं तो बायकांसमोर काढत नाहीत आणि पुरुषांत निघाला तर हसण्यावारी नेतात. दादाची मुलं आता मोठी झाली, ती वाचतील तर काय म्हणतील ही धास्ती आहेच. सुनंदाला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा ना. फक्त माह्यं बोलणं सुधरवून लिहू नका."

संग्रामपूरच्या पुढं, सातपुडा अगदी परसात उतरल्यासारखा दिसतो तिथं आमचं घर. वडील लवकर गेले, म्हणून आठवीत माझी शाळा सुटली आणि वांगी-मिरचीचं वावर आणि दोन जनावरं माझ्या वाट्याला आली. घरात माय, थोरला दादा, वहिनी, त्यांची लेकरं आणि माझं लग्न झाल्यावर सुनंदा. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. रिकाम्या बादलीत दुधाची पहिली धार पडते तेव्हाचा टणटण आवाज, मग बादली भरत जाईल तसा तो मऊ होत जायचा. वहिनी भाकर थापायची ती धपधप, घाईची. सुनंदाची थाप सावकाश असायची, मध्ये थांबून भाकर फिरवायची आणि पुन्हा. मी वावरातून येताना बोळीत असतानाच ओळखायचो की आज चुलीपुढं कोण आहे. ठेच्यात शेंगदाणे जास्त असले म्हणजे सुनंदाचा हात. मायला ते आवडायचं नाही. "ठेचा हाय का चटणी वं?" म्हणायची, पण खायची.

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली आणि घरात पाळणा हलेना. आमच्याकडं अशा वेळी कोणी एकदम काही बोलत नाही. आधी शेजारणी विचारतात, मग विचारायचं सोडतात, आणि ते सोडणंच जास्त लागतं. कोणाच्या डोहाळजेवणाला वहिनीला बोलावणं यायचं, सुनंदाला यायचं नाही. मायनं तिला सोमवार धरायला लावले, मग गुरुवारही. एका देवाला नारळ, दुसऱ्याला खण. माझ्यात काही कमी असेल असं तोंडातून कोणी काढलं नाही. माझ्याबद्दल एकच शब्द होता, ताकद. पोराला ताकद पाहिजे.

जळगाव जामोदच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. मागं वाघाचं चित्र रंगवलेला पडदा, पुढं चादरीवर मुळ्या, साली, तेलाच्या बाटल्या. तो ओरडून सांगायचा, चाळीस थेंब रक्त आटतं तेव्हा एक थेंब बनतो भाऊ, त्याला पाण्यासारखं वाहू देऊ नका. भोवती उभी असलेली बापई माणसं गंभीर होऊन ऐकायची, जसं काही ज्याच्या त्याच्या घरातलंच कोणी सांगतंय. दादानं मला त्याच्यापुढं उभं केलं. त्यानं माझी नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि निकाल दिला. पातळ झालंय. साठवा. घट्ट होऊ द्या.

मग आमच्या घरानं साठवायला सुरुवात केली. मी हे गंमत म्हणून सांगत नाही, खरंच असं झालं. मायनं माझं अंथरूण ओसरीवर टाकलं आणि सुनंदाला आपल्याजवळ आत घेतलं. सकाळी दुधात मुसळीची भुकटी, दुपारी उडदाचा लाडू, त्यात डिंक आणि तूप. दादा मला भर उन्हात वावरात जाऊ देईना, ऊन धातूला बाधतं म्हणे. पेरणीची ज्वारी आम्ही राख आणि कडुलिंबाचा पाला घालून कणगीत जपून ठेवायचो, तिला कोणी दळायला हात लावायचा नाही, तसंच माझं चाललं होतं. मला ते पटतही होतं. तालमीत मोठ्या मुलांकडून हेच ऐकलं होतं की सगळा मर्द त्या एका गोष्टीत असतो, ती गेली की गाल बसतात, गुडघे वाजतात. मी आरशात गाल बघायचो. बसलेलेच दिसायचे. लहानपणापासून बसलेलेच होते, पण ते तेव्हा ध्यानात येत नव्हतं.

असे कितीतरी महिने गेले, आणि त्याच महिन्यांत माय दर महिन्याला सुनंदावर तोंड टाकायची की हिला काहीच कसं राहत नाही. एकदा मी ओसरीवर लाडू खात बसलो होतो. सुनंदा पाण्याचा तांब्या ठेवायला आली, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कणगीतल्या कणगीत कधी ज्वारी उगोते का हो?" मी लाडू तसाच धरून बसलो. ती हसली नाही. निघून गेली.

डिगांबरभाऊ आमच्याकडं गाईसाठी यायचे. मोटरसायकलला मागं तो जड कॅन बांधलेला. झाकण उघडलं की आतून थंड पांढरी वाफ निघायची आणि लेकरं भोवती गोळा व्हायची. त्या वाफेतून ते चिमट्यानं बारीक कांडी काढायचे. त्या कांडीत कुठल्यातरी मोठ्या वळूचं बी. माणूस ठेंगणा, बोलायला मोकळा. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला आम्हाला घाम फुटायचा, ती ते भाजीवाल्यानं भाजीबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्यांना स्वतःला लेकरू नव्हतं. "लोकाच्या गाई गाभण करते अन् सोताच्या घरी पाळणा रिकामा," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि ते "हाव ना बाप्पा" म्हणून किक मारायचे.

त्या उन्हाळ्यात आमची गाय उलटली. म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. माय अंगणातच त्यांच्यावर घसरली. "कसली कांडी घातली व्हती? मेलेली असन. तुमच्या त्या डब्यातली हवा गेली असन."

"असू शकते काकू. मी नाई म्हणत नाई. वाफ कमी झाली का बी मरते. गाईचा दोष नाई." ते खाली बसून कॅनमध्ये डोकावू लागले.

सुनंदा तिथंच शेण काढत होती. टोपलं खाली ठेवून ती सरळ उभी राहिली. "आत्याबाई, गाय उलटली तं तुमी कांडीले इचारलं. माह्या येळी कोणालेच काऊन नाई इचारलं?"

 माय चिडून ओरडली. "पाहा वं, पाहा! नवऱ्याले कांडी म्हणते!" वहिनीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की घाबरली होती, मला आजवर कळलं नाही. डिगांबरभाऊंनी मात्र माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. आमच्या भागात आखाजीला लेकी माहेरी जातात, माहेरचा मुराळी न्यायला येतो, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि मांडे खाऊन पोरी परत येतात. सुनंदाचा धाकटा भाऊ मुराळी म्हणून आला. निघायच्या वेळी मायनं तिची पेटी भरली आणि मी पाहिलं की तिनं आखाजीपुरतीच लुगडी ठेवली नव्हती. हिवाळ्यातली शाल ठेवली होती. लग्नात आलेला पितळेचा डबा ठेवला होता. सगळं ठेवलं होतं. मायनं माझ्यासाठी दुसरी मुलगी पाहून ठेवल्याचं वहिनीच्या तोंडून आदल्याच दिवशी निसटलं होतं. सुनंदानं पेटी पाहिली. भावाला म्हणाली, "जड हाय रे, दोन्ही हातानं धर." आणि माझ्याकडं न पाहता बाहेर पडली.

माझ्यासारखा भित्रा माणूस अशा वेळी काय करतो? मी गाईला पाणी दाखवलं. मग गोठ्यात उभा राहिलो. मग पायच मला शेजारच्या खेड्यात डिगांबरभाऊंच्या घरी घेऊन गेले. ते ओट्यावर हात धूत होते. मी म्हटलं, "भाऊ, ते कांडीचं... माणसाचं बी पाहता येते का?"

"येते ना बे. बुलढाण्याले पाहतेत. दुर्बिणीखाली."

"तुमाले कसं माईत?"

"मी गेल्तो," ते म्हणाले. हात पुसत राहिले. "माह्यात पाणी हाय, बी नाई. माही बायको बारा गावच्या बाया काय बोलतेत ते ऐकून घेत व्हती, तवा एक दिवस गेलो अन् पाहून आलो. आल्यावर चावडीत सांगून टाकलं. लोकं मले हासले, पण तिच्या मागचे हटले. चाल, सकायी गाडीनं जाऊ."

आतून त्यांच्या बायकोनं आवाज दिला, "त्याले आधी भाकर खाऊ द्या, मंग न्या कोठी न्यायचं ते."

मोताळ्यानंतर घाट चढताना एसटी कण्हते, तसा मीही आतून कण्हत होतो. बुलढाण्याला वर हवा थंड, पण माझा सदरा भिजलेला. तपासणीच्या ठिकाणी एका पोऱ्यानं माझ्या हातात झाकणाची डबी दिली आणि न्हाणीघराकडं बोट केलं, जसं काही पत्ताच सांगतोय. आत गेलो. बाहेर कोणी खोकलं तरी मी कडी पुन्हा पाहायचो. ज्या एका थेंबासाठी घरानं वर्षभर तूप ओतलं तो आता मागितल्यावर हजर होईना. रिकामी डबी घेऊन बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, झालं, मी पुरुषच नाही, तपासायची गरजच नाही.

डिगांबरभाऊ बाकावर बसलेले. माझं तोंड पाहून उठले, मला खाली टपरीवर नेलं, भजी सांगितली. म्हणाले, "शिकाले गेलो तवा तिथं एक वळू व्हता, हत्तीएवढा. लोकं पाहाले जमले का तो गपचूप उभा राहे. नुसता चारा चघळे. साहेब म्हणे, गर्दी हटवा रे, त्याले लाज वाटून राह्यली. हत्तीएवढ्या वळूले लाज वाटते तं तू कोण लागून गेला बे?" मी हसलो. त्या दिवसातलं पहिलं हसू. दुसऱ्या खेपेला डबी रिकामी आली नाही. हातात धरून पाहिलं, किती थोडं होतं ते! एवढ्याशा गोष्टीसाठी एका बाईची पेटी भरली गेली होती.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मोठ्या बहिणीएवढ्या असतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की यात बीज नाही. एकही नाही. बहुतेक जन्मापासूनच असं आहे. खाण्यानं, साठवण्यानं ते येणार नाही आणि तुमच्या कुठल्या चुकीनं ते गेलेलंही नाही. बाकी तुम्ही धडधाकट आहात. पुढं आणखी एकदा तपासलं, तेच निघालं. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच, की त्या बोलत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पंख्याकडं पाहत होतो. तो फिरून फिरून माझ्याकडं वळायचा आणि पुन्हा तोंड फिरवायचा.

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो. घाट उतरल्यावर म्हणालो, "म्हणजे मी नामर्द."

डिगांबरभाऊंचा आवाज मुळातच मोठा. "रम्या, पोळ्याले कोणाची पूजा करता रे तुमी?"

"बैलाची."

"सांडाची नाई ना? सांडाले तं दगडं मारता, वावरात घुसते म्हणून. पूजा करता बैलाची. त्याचे शिंगं रंगवता, झूल टाकता, पुरणाची पोळी तुयी माय सोताच्या हातानं चारते. अन् बैल काय असते? खच्ची केलेला असते ना बे! त्याले काई बी-बिवाड असते का? पण नांगर तोच वढते, गाडी तोच वढते, घर तोच उभं करते. बैलाले आजवर कोणी नामर्द म्हटलं का? सांग ना."

पुढच्या बाकावरचा पागोटेवाला म्हातारा मागं वळला. "हे तं खरं हाय गा," म्हणाला आणि कितीतरी वेळ स्वतःशीच मान हलवत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलं. मी त्या गाडीत पहिल्यांदा रडलो. डिगांबरभाऊ खिडकीबाहेर कपाशीच्या मोकळ्या वावरांकडं पाहत राहिले, मला रडायला जागा करून दिल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय अंगणात कुरडया वाळत घालत होती. मी सांगितलं. तिनं आधी बोळीकडचं दार लोटलं. "हळू बोल." मग म्हणाली, "हे कोणाले सांगू नको. हाय तसं तिच्यावरच राहू दे." मी म्हटलं, दुसरी आणली तरी काय होणार आहे? माय म्हणाली, "तवाचं तवा पाहू." ती वाईट बाई नव्हती. मी आज तिच्या त्या वयाचा झालोय आणि मला कळतं की ती मला वाचवत होती, आणि वाचवायची तिला एवढीच रीत माहीत होती. दादा घराच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "बाईच्या अंगावर खपून जाते रमेश. आपल्या अंगावर नाई खपत." हे तो रागानं नाही, मायेनं म्हणाला.  मी चप्पल घातली.

सुनंदाचं गाव जळगाव जामोदच्या पलीकडं. दुपारची गाडी नव्हती, म्हणून पुन्हा तो ओटा गाठला. डिगांबरभाऊंनी मला मागं बसवलं आणि कॅन माझ्या मांडीवर दिला. वाटेत लोक हात करून विचारायचे, "कोणाची गाय गा?" ते ओरडायचे, "आज गाय नाई, जवाई हाय!" गावाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. मी म्हटलं, चला ना. ते म्हणाले, "नाई. इथून पुढं मी बोललो तं ते माह्यं बोलणं होईन. तू बोलला तं तुयं होईन."

सासऱ्यांच्या अंगणात आखाजीची गर्दी होती. कडुलिंबाला झोका, रसाच्या पातेल्याभोवती माश्या, चुलते, भाऊबंद जेवायला बसलेले. जावई न बोलावता आला म्हणून सगळे उठायला लागले. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. "मामा," मी म्हटलं, "बुलढाण्याहून तपासून आलो. सुनंदात दोष नाई. माह्यात हाय. मले लेकरू होणार नाई. लोकं तिले बोलले, ते मले बोलाले पाहिजे व्हते."

 सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "सांगतलं ते बरं केलं. पण मंग माह्या पोरीनं काऊन रिकामं राहावं? दोष तुमच्यात हाय तं आमी तिचं दुसरं पाहू. तुमच्या मायनं पेटी भरूनच तं धाडली."

मी हा विचारच केला नव्हता. तिथं जाईपर्यंत मला वाटत होतं की सोडायचं की ठेवायचं हे आमच्या घराच्या हातात आहे, आणि मी मोठ्या मनाचा म्हणून न्यायला आलोय.  तरी बोललो, "मामा, तिलेच इचारा. ती म्हणन ते."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत रस. तिनं आधी बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तिकडं बी मले दावणीले बांधून ठेवलं अन् इकडं बी दुसऱ्या दावणीचंच बोलून राह्यले. इचारलं तं सांगते. मले हे पाहिजेत. लेकरू नसलं तं नसलं." मग माझ्याकडं वळून, "पण त्या घरात मी येत नाई. कुठंबी चाला. लांब चाला." आणि सगळ्यांसमोर, रसाच्या हातानं, तिनं माझ्यासाठी पाट मांडला. त्यावर पिवळी बोटं उमटली. सासरे उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तुपाची वाटी होती.

सुरतेला आलो ते असे. मागावर काम मिळालं, सुनंदानं खानावळ चालवली, पुढं अनाथालयातून आमची मुक्ता घरी आली. शाळेत तिच्या बाईंनी एकदा म्हटलं, ही अगदी बापावर गेली आहे, सारखी काळजी करते. मी घरी येईपर्यंत हसत होतो. माय शेवटची दोन वर्षं आमच्याकडं होती. एक दिवस मुक्ताच्या वेण्या घालताना सुनंदाला म्हणाली, "तुले तवा लय बोलली वं." सुनंदा म्हणाली, "हाव, बोलल्या." बस, एवढंच. पण नंतर दोघी एका ताटात जेवायच्या.

डिगांबरभाऊ आता थकले. त्यांची बायको गेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पुतण्याच्या ओसरीवर एकटे बसलेले असतात असं गावाकडचे सांगतात. फोन केला की विचारतात, "गाडी वढून राह्यला ना बे?" आणि स्वतःबद्दल काही मागत नाहीत. भाऊ, तुमच्या उपकाराला पुरं पडेल असं माझ्याकडं काही नाही. पण या हिवाळ्यात मी आणि मुक्ता तुम्हाला न्यायला येऊ. इथं डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं होतं. बरं वाटलं की राहा, वाटलं तर परत जा. आणि पुढं कधी ती वेळ आली, तर पाणी पाजायला पोटचा पोरगा नाही असं कोणी म्हणेल, त्याआधी मी तिथं उभा असेन.